मी सुचवलेलं पुस्तक कुणीच का वाचत नाही?

या वेळचं पत्र, थोडं कापून:

"ताई, मला वाचनाचं वेड आहे हे माझ्या सगळ्या गोतावळ्याला माहितीये. मागच्या वर्षी एक सहाशे पानांची कादंबरी वाचली, त्यातली भाषा अशी की आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही. अकरा जणांना सांगितलं, तीन कॉपी विकत घेऊन वाटल्या, माझी स्वतःची पेन्सिलच्या खुणांवाली कॉपी जवळच्या मैत्रिणीला दिली. आठ महिने झाले, एकाने पण वाचली नाही. मैत्रीण परवा म्हणाली, तुझी पुस्तकं म्हणजे होमवर्क वाटतो गं, आणि कॉपी परत केली. तिचं पण तसंच असतं म्हणा, ती कधीची एक रहस्यकथा वाच म्हणून मागे लागलीये, पण ते माझ्या टाइपचं नाहीये. मी काय वाचतेय ते स्टेटसला टाकते तर नणंद म्हणते, वहिनी किती वाचता हो, आम्हाला कुठे एवढा वेळ. ऑफिसमधला एक जण मात्र खरंच विचारतोय की काहीतरी चांगलं सुचवा, तर आता त्याला काही सांगायची भीतीच वाटतेय. पुस्तकांबद्दल बोलणंच बंद करू का? – खुणांवाली वाचक"

अगं खुणांवाली,

बोलणं अजिबात बंद करू नकोस. आणि त्या अकरा जणांवर रागावू पण नकोस, कारण मी तुझ्या जागी पण राहून आलेय आणि त्यांच्या जागी पण. माझ्या धाकट्या भावाला मी एका वाढदिवसाला एक जाडजूड पुस्तक दिलं होतं, स्वतः दोनदा वाचलेलं, आत पहिल्या पानावर चार ओळी लिहून वगैरे. पुढे वर्षभर विचारत राहिले, वाचलंस का, वाचलंस का, तो म्हणायचा चालू आहे. मग एकदा त्याच्या घरी गेले तर पुस्तक लॅपटॉपच्या खाली, पाठीवरची पिवळी पट्टी मी दारातूनच ओळखली. व्हिडिओ कॉलला कॅमेरा बरोबर डोळ्यांसमोर येतो म्हणे. मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. त्यानंतर त्याने लॅपटॉप बदलला, पुस्तक तेच आहे.

आता तुझ्या मेसेजकडे येऊ. बरं झालं तू तो पत्रासोबत जसाच्या तसा पाठवलास, "हे प्लीज प्लीज वाच, आयुष्य बदलून जाईल, तुला आवडणारच, वाचून झालं की लगेच सांग!!" तू हे प्रेमाने लिहिलंयस, दिसतंच आहे. पण घटकाभर समोरची होऊन वाच. यात पुस्तकाबद्दल एक अक्षर नाहीये. गोष्ट कशाची आहे, कोण आहे त्यात, तुला नेमकं काय झालं वाचताना, काहीच नाही. आहेत त्या मागण्या. वेळ काढ, बदलून जा, तुला आवडायलाच पाहिजे, आणि वर मला रिपोर्ट दे. मैत्रीण होमवर्क म्हणाली ते तुला लागलं असेल, पण शब्द तिने अगदी बरोबर वापरला बघ.

वेळेचा हिशोब पण एकदा करून बघ. सहाशे पानं, पानाला अडीचशे शब्द धरले तर दीड लाख शब्द झाले. माणूस मनातल्या मनात मिनिटाला साधारण दोनशे ते अडीचशे शब्द वाचतो असं धरलं तरी दहा ते साडेबारा तास, म्हणजे रोज झोपायच्या आधी वीस मिनिटं वाचणाऱ्याचा एक अख्खा महिना, आणि तो पण एकही दिवस न चुकता. तू लोकांकडे एक महिना मागत होतीस, प्लीज दोनदा लिहून. पिक्चर सुचवला तर अडीच तासांचा मामला असतो, गाणं तर चार मिनिटांचं, म्हणून ती लोक पटकन ऐकतात बघतात आणि पुस्तकाला आठ महिने लावतात, त्यात तुझ्यावरच्या प्रेमाचा काही संबंध नाही.

शिवाय "वाचच" म्हटलं की माणूस आतून मागे सरकतो हा काही फक्त तुझ्या मैत्रिणीचा हट्टीपणा नाही. जॅक ब्रेम नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये यावर थिअरीच मांडली होती, रिअ‍ॅक्टन्स म्हणतात तिला, म्हणजे आपल्याला हवं ते निवडायचं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं की आपण नेमकं उलटं करतो, समोरची गोष्ट एरवी आवडली असती तरी. मला स्वतःला एका काकांनी वर्षानुवर्षं एक आत्मचरित्र वाच म्हणून सांगितलं, मी नाही वाचलं, ते गेल्यावर वाचलं, आणि चांगलं होतं. आता कुणाला सांगू?

मी पंचवीस वर्षं ग्रंथालयाच्या काउंटरला बसले, तर तिथे मला एक गोष्ट हळूहळू कळली की काय वाचतोय हे सांगणं आणि काय वाच हे सुचवणं, ही दोन वेगवेगळी कामं आहेत. पहिलं तू कधीही, कुणालाही, न विचारता करू शकतेस. दुसरं मात्र विचारल्याशिवाय करायचं नाही. तू काय करतेयस, तर दोन्हींची सरमिसळ करतेयस, स्टेटस टाकतेयस सांगायला आणि वास येतोय सुचवल्याचा.

आधी सांगण्याबद्दल. पुस्तक संपल्यावर सांगू नकोस, मध्ये असतानाच सांग. संपल्यावर आपण निकाल लावतो, जबरदस्त, अप्रतिम, पाचपैकी पाच, आणि निकालावर समोरच्याला बोलायला काही उरतच नाही, छान म्हणून अंगठा दाखवतो आणि पुढे जातो. त्यापेक्षा "१४० व्या पानावर आहे आणि या म्हाताऱ्याने आत्ता मुलाचं पत्र न वाचताच फाडलंय, मला इतका राग आलाय की पुस्तक उलटं ठेवून दिलं" असं लिहून बघ. यावर माणूस विचारतो, का फाडलं? विचारलं की संपलं, तो आला पुस्तकात. कव्हरचा फोटो, शेजारी फूल आणि चष्मा, यातून काय कळणार गं, फार तर तुझ्याकडे फूल आणि चष्मा आहे हे कळतं. एक परिच्छेद वाचून दाखव, अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाक, अडखळत वाचलास तरी चालेल.

(इथे एक विनंती, तुझ्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. पुस्तक आवडलं म्हणून त्याची कुठून तरी मिळालेली पीडीएफ ग्रुपवर टाकून देऊ नका. एक परिच्छेद शेअर करणं वेगळं आणि अख्खं पुस्तक फुकटात वाटणं वेगळं, लिहिणाऱ्याच्या पोटावर पाय येतो. आणि खरं सांगू, त्या पीडीएफ कुणी वाचत पण नाही, फोनमध्ये नुसत्या साचतात.)

शेवट सांगायचा की नाही यावर लोक हमरीतुमरीवर येतात म्हणून दोन ओळी. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या विद्यापीठात दोन संशोधकांनी बारा लघुकथांवर प्रयोग केला होता, काही वाचकांना शेवट आधीच सांगून टाकला आणि त्यांना कथा सरासरी थोड्या जास्तच आवडल्या होत्या. मग काही वर्षांनी दुसऱ्यांनी केलेल्या प्रयोगात उलटं निघालं. तेव्हा विज्ञान राहू दे बाजूला, खून कुणी केला ते सांगू नकोस, बाकी सगळं सांगितलंस तरी फारसं बिघडत नाही.

आणि सोडून दिलेली पुस्तकं पण सांग. हे कुणी करत नाही आणि हेच सगळ्यात कामाचं आहे. तुझ्या स्टेटसवर प्रत्येक पुस्तक भारी असेल तर बघणाऱ्याला कळणार कसं की यातलं खरंच भारी कुठलं? "नव्वद पानं वाचली, लेखक मला शिकवायलाच बसलाय, ठेवून दिलं" असं महिन्यातून एकदा लिहिलंस की पुढच्या वेळी तुझ्या कौतुकाला वजन येतं. सोडायची लाज वाटत असेल तर नॅन्सी पर्ल यांचा नियम वापर, त्या अमेरिकेतल्या फार नावाजलेल्या ग्रंथपाल. पन्नाशीपर्यंतच्या माणसाने पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत आणि मग ठरवावं. पन्नाशीच्या पुढे गेलात की शंभरातून आपलं वय वजा करायचं, तेवढीच पानं. म्हणजे मी एकसष्टची, मला एकोणचाळीस पानं पुरे. शंभरी गाठली की मुखपृष्ठ बघूनच ठरवायची मुभा. मला हा नियम कळला तेव्हा माझ्या उशाशी अर्धवट पडलेली सहा पुस्तकं होती, त्यातली चार मी त्याच रात्री कपाटात लावली आणि इतकी गाढ झोपले म्हणून सांगू.

नणंदेचं. ती तुला टोमणा मारतेय असं तू धरून चाललीयेस, असेलही, मी काही तिला ओळखत नाही. पण "आम्हाला कुठे वेळ" हे वाक्य मी काउंटरला हजारदा ऐकलंय आणि बहुतेक वेळा त्यात टोमणा नसतो, संकोच असतो. वाचणाऱ्या माणसासमोर न वाचणाऱ्याला उगाचच परीक्षेत बसल्यासारखं वाटतं. तू स्टेटसला काय टाकतेस ते आठव, "या वर्षातलं ३७ वं". अगं आकडा टाकलास की स्कोअरबोर्ड झाला ना. आकडा काढून टाक. हवा तर वहीत लिही, तारीख, पुस्तक आणि एक ओळ, ती वही दहा वर्षांनी वाचायला काय मजा येते. पण चारचौघांत नको. आणि नणंदेला पुस्तकाचं विचारूच नकोस, ती रात्री कुठली सिरीज बघत जागते ते विचार आणि ऐक. दानिएल पेनाक नावाचे फ्रेंच लेखक आहेत, आधी शिक्षक होते, त्यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क लिहिले आणि त्यातला पहिलाच हक्क कुठला, तर न वाचण्याचा. मध्येच पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, हे पण आहेत. मला फार आवडले, पण मी ग्रंथालयात ते भिंतीवर लावू या म्हटलं तर आमच्या साहेबांना काही पटलं नाही.

आता सुचवण्याचं, म्हणजे तुझा ऑफिसवाला. त्याने विचारलंय ना आपणहून? मग भीती कसली, हा तर हातात आलेला वाचक आहे. फक्त लगेच नाव सांगू नकोस. आपल्या हातून इथेच चूक होते, कुणी "काहीतरी चांगलं सुचवा" म्हटलं रे म्हटलं की आपण आपल्या आवडीचं नाव फेकतो. हे म्हणजे डॉक्टरने पेशंटला न तपासता स्वतःला लागू पडलेली गोळी लिहून देण्यासारखं झालं. रंगनाथन यांचे पाच नियम आम्हाला ट्रेनिंगमध्ये पाठ करायला लावायचे, मूळचे गणिताचे शिक्षक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांचे हे नियम आले, त्यातला दुसरा आणि तिसरा असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. चौथा म्हणतो वाचकाचा वेळ वाचवा. पाठ केले तेव्हा काही कळले नव्हते हं, मार्कांपुरते लिहिले. काउंटरला बसल्यावर कळलं की दुसरा नियम सुरू होतो वाचकापासून. पुस्तक नंतर येतं.

कळलं ते पण एका माणसामुळे. संध्याकाळी बंद व्हायच्या वेळी यायचा, चाळिशीचा असेल, डोळे तारवटलेले. म्हणाला, काहीतरी जाड द्या, बरेच दिवस पुरेल असं. मला आनंदच झाला, मी माझी लाडकी कादंबरी काढून दिली, दोन बोटं जाडीची. तिसऱ्या दिवशी परत घेऊन आला. पुस्तक परत आलं की मी सवयीने पाठ बघायची, कारण वाचलेल्या पुस्तकाच्या पाठीवर उभ्या सुरकुत्या पडतात, हे पुस्तक सुरुवातीच्या चार पानांपाशी जरासं सैल झालं होतं आणि त्यापुढे कोरं करकरीत, आणि खुणेला घातलेली औषधांची चिठ्ठी आठव्या की नवव्या पानात तशीच राहिलेली. मी विचारलं, आवडलं नाही का? म्हणाला, चांगलं आहे हो, पण आई ॲडमिट आहे, मी रात्री बसतो तिथे, दिवा मालवतात, दर अर्ध्या तासाला कुणीतरी येतं, परत पुस्तक उघडलं की कोण कुणाचा भाऊ तेच आठवत नाही. म्हणजे त्याला जाड हवं होतं ते रात्र मोठी होती म्हणून. मी त्याला तीन-तीन चार-चार पानांच्या छोट्या लेखांचं पुस्तक दिलं, जरा मोठ्या टाइपातलं, कुठूनही उघडा आणि कुठेही मिटा. ते त्याने तीन वेळा रिन्यू केलं. मी त्याला काय आवडतं हे विचारलंच नव्हतं आणि ते विचारून उपयोग पण झाला नसता, विचारायला पाहिजे होतं की कुठे बसून, कधी वाचणार.

तर ऑफिसवाल्याला आधी हे विचार, की वाचणार कधी, प्रवासात का रात्री का सुट्टीच्या दिवशी, कागदावर का फोनवर का कानात इयरफोन घालून (ऐकणं हे पण वाचणंच आहे, यावर माझ्याशी वाद घालू नये). मग विचार, शेवटचं असं काय होतं जे संपल्याशिवाय उठवलं नाही, पुस्तकच पाहिजे असं नाही, पिक्चर सिरीज काहीही चालेल. आणि अर्धवट काय सोडलंस? हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे, आवडीचं सांगताना माणूस जरा शोभेचं सांगतो, पण सोडलेल्याबद्दल एकदम खरं बोलतो. "सुरुवातीला पंचवीस माणसं आणली हो, नावंच लक्षात राहिनात" म्हणाला की तुझी अर्धी यादी तिथेच बाद झाली, त्याचा वेळ पण वाचला आणि तुझा पण.

त्याच्या उत्तरात काय ऐकायचं ते पण सांगते, हे पण पर्ल बाईंचंच. त्या म्हणतात पुस्तकात शिरायला चार दारं असतात, गोष्ट, माणसं, ती घडते ती जागा आणि काळ, आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात चारही असतात पण कुठलं तरी एक सताड उघडं असतं, आणि प्रत्येक वाचकाचं पण एक नेहमीचं दार असतं. माणूस पुस्तकाबद्दल कसा बोलतो त्यावरून दार कळतं. "पुढे काय होतं कळेपर्यंत झोप नाही" म्हणाला तर गोष्टवाला. "ती बाई अजून डोळ्यासमोर आहे" म्हणाला तर माणसांवाला. "मी त्या गावात राहून आल्यासारखं वाटलं" हा जागेवाला. आणि "काय लिहिलंय!" म्हणून एक ओळ परत परत वाचून दाखवणारी, ती तू.

आता बघ. तुझी कादंबरी भाषेची आहे, तूच लिहिलंयस की त्यातली भाषा अशी की दुसरं काही सुचलं नाही. अशा पुस्तकात सहाशे पानांत घडतं काय, बहुतेक एक माणूस घरी येतो आणि परत जातो. आणि मैत्रीण रहस्यकथावाली आहे, म्हणजे गोष्टीच्या दाराने आत जाणारी. तू तिला भिंतीतून ये म्हणत होतीस गं. त्यात पुस्तक वाईट ठरत नाही आणि मैत्रीण पण कच्ची ठरत नाही. माझा भाऊ पण तसाच निघाला, त्याला माणसं लागतात, मी त्याला इतिहास दिला होता, त्यात सगळ्या तहांच्या तारखा.

सुचवताना दोनच नावं सांग, फार तर तीन, आणि एकमेकांपेक्षा वेगळी. दहा नावांची यादी दिलीस की माणूस यादी सेव्ह करतो आणि समाधानाने झोपतो. प्रत्येक नावामागे त्याच्यासाठी म्हणून एक वाक्य जोड, "तुम्हाला ती कोर्टाची सिरीज आवडली होती ना, तसे उलटतपासणीचे दोन मोठे प्रसंग आहेत यात". आणि खोट पण आधीच सांगून टाक, पहिली साठ पानं संथ आहेत, किंवा शिव्या फार आहेत, किंवा छपाई बारीक आहे. खोट सांगितली की लोक विश्वास ठेवतात, आणि पंचविसाव्या पानावर कंटाळा आला तरी "ती म्हणालीच होती" म्हणून पुढे जातात. एक गोष्ट मात्र विसरू नकोस, पुस्तकात मूल दगावत असेल, कुणी आत्महत्या करत असेल, लांबलचक आजारपण असेल, तर ते आधी सांगायचं. माझ्या हातून एकदा हे सांगायचं राहिलं होतं, जिला पुस्तक दिलं ती चौथ्या दिवशी येऊन काही न बोलता काउंटरवर ठेवून गेली, आणि मला दुसऱ्या कुणाकडून तरी तिच्या घरचं कळलं. अजून तो चेहरा आठवतो.

आणि मग विचारायचं नाही. हा सगळ्यात अवघड भाग. "वाचलंत का?" हा प्रश्नच तोंडातून काढायचा नाही, वाचलं असेल तर तो स्वतः सांगेल, वाचलेलं पुस्तक माणसाच्या पोटात राहत नाही.

तुझी कॉपी. खुणांवाली कॉपी मैत्रिणीला दिलीस याच्यामागचं प्रेम मला कळतं, मी पण केलंय, पण दुसऱ्याच्या खुणा असलेलं पुस्तक पहिल्यांदा वाचणं म्हणजे कुणीतरी खांद्यावरून डोकावतंय आणि मध्येच कोपर मारतंय, हे बघ, इथे थांब, इथे रड. जिथे खूण आहे तिथे आपल्याला काहीच वाटलं नाही तर आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं, आणि जिथे आपल्याला वाटलं तिथे खूण नसते. खुणांवाली कॉपी ज्याने पुस्तक आधीच वाचलंय त्याला द्यायची, मग बघ काय गप्पा होतात. आणि विकत घेऊन दिलेल्या तीन कॉपी आता त्यांच्या झाल्या, लॅपटॉपखाली घालोत नाहीतर अजून कुणाला देवोत. उसनं द्यायचं असेल तर परत आलं नाही तरी चालेल अशीच कॉपी द्यायची, जी गेली तर जीव तुटेल ती घरातून हलवायची नाही, इतकं सोपं आहे ते.

पण मला वाटतं तुझं खरं दुखणं हे नाहीच. तुझं पत्र मी परत वाचलं. आठवडाभर तुला दुसरं काही सुचत नव्हतं आणि ते बोलायला कुणी नव्हतं, खरं ना? अकरा जणांनी ते पुस्तक वाचावं असं तुला कुठे वाटत होतं, तुला त्या आठवड्यात एक माणूस हवं होतं शेजारी. मग ते तसंच माग ना. "हे वाच" म्हणण्याऐवजी "माझ्याबरोबर वाचशील का" म्हण, आणि सहाशे पानांचं नको, एखादी कथा घे, वीस पानांची, आपापल्या घरी वाचायची आणि रविवारी फोनवर बोलायचं. एकजण मिळाली तरी रग्गड झालं. त्या कादंबरीबद्दल बोलायचं असेल तर ती वाचलेलं माणूस शोध, ज्या ग्रंथालयात ती आहे तिथल्या काउंटरवाल्या बाईला विचार, तिला बरोबर माहीत असतं कोण काय नेतं. कुणाचं नाव ती सांगणार नाही, सांगू पण नये, पण तुझा निरोप ती नक्की पोचवेल. मी असे निरोप पोचवलेत.

आता राहिलं ते एक वाक्य जे तू जाता जाता लिहून गेलीस आणि जे वाचून मी चष्मा काढून ठेवला. मैत्रीण तुला कधीची एक रहस्यकथा वाच म्हणतेय आणि ते तुझ्या टाइपचं नाही. अगं मग तिच्या यादीतल्या अकरा जणांमध्ये तू आहेस की! तिने पण कुणाला तरी सांगितलं असेल, अमुकला इतक्यांदा म्हटलं, ती काही वाचत नाही. तिने होमवर्क तरी म्हटलं तोंडावर, तू तेवढं पण म्हटलं नाहीस, नुसतं हो हो करत राहिलीस ना?

तर ती रहस्यकथा आण. तिच्याकडूनच माग, स्वतः विकत घेऊ नकोस, तिला कपाटातून काढून देऊ दे. पन्नास पानं वाच, पेन्सिल हातात न घेता. नाही आवडलं तर ठेव, नियम तुला माहितीये आता. पण पन्नासाव्या पानापर्यंत थांबू नकोस, विसाव्या-पंचविसाव्यालाच तिला मेसेज टाक की तो माळी मला काही सरळ दिसत नाहीये. माळी नसेल तर जो कोण असेल तो.